पाण्याखालचा श्वास

दिवाळीची सुट्टी लागली की गोमंतकातील घरे पाहुण्यांनी भरून जातात. इंदूरचे काका येतात, बडोद्याची आत्या येते, बेळगावची भाचरे येतात. पूर्वी हे पाहुणे मंगेशीचे दर्शन घेत, मिरामारच्या वाळूत संध्याकाळ घालवीत आणि काजूगर व सोलांची पुडकी बांधून परतत. अलीकडे या कार्यक्रमात एका नव्या हौसेची भर पडली आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जायचे, रंगीत मासे पाहायचे आणि तेथे काढलेले छायाचित्र गावी नेऊन दाखवायचे. मुरगावसमोरचे ग्रँड आयलंड, सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट ही नावे आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. या जलक्रीडेला ‘स्कूबा’ म्हणतात हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

या हौसेला आमचा विरोध नाही. ज्या सागराच्या काठावर पिढ्या गेल्या, त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहावेसे वाटणे हे निरोगी जिज्ञासेचेच लक्षण होय. परंतु मुलांना बोटीत बसविण्यापूर्वी आईबाप जे प्रश्न विचारतात, ते आम्ही अनेकदा ऐकले आहेत. पोहता येत नसले तर चालेल काय? पाणी गढूळ तर नसेल ना? सोबत माहीतगार माणूस असेल ना? हे सारे प्रश्न योग्यच आहेत. मात्र एक प्रश्न आम्ही कोणाच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही. त्या सिलिंडरमध्ये जी हवा आहे, ती कोणी भरली, कोठे भरली आणि भरल्यावर तपासली काय? हा प्रश्न आम्हांसही कधी सुचला नसता. तो सुचविला आमच्या एका माजी विद्यार्थ्याने.

वास नसलेला धूर

हा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून किनाऱ्यावरच्या एका व्यवसायात लागला. सिलिंडर भरणे, ते बोटीत चढविणे, संध्याकाळी धुऊन ठेवणे, हे त्याचे काम. गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी तो शाळेत आला, बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, “सर, वास नसलेला धूर असतो का?”

त्या दिवशी दुपारच्या फेरीतील दोन पाहुणे पाण्यातून वर आले ते डोके धरूनच. एकाला वांती झाली, दुसऱ्याचे पाय लटपटत होते. बोटीवरचे लोक म्हणाले, बोट लागली असेल. संध्याकाळपर्यंत दोघांनाही बरे वाटले आणि ते आपल्या मुक्कामी गेले. पण या मुलाच्या मनातून ती गोष्ट जाईना. तो म्हणाला, “सर, सकाळी भरलेल्या टाक्यांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. त्या दोघांच्या टाक्या मी जेवण झाल्यावर भरल्या होत्या.”

आम्ही त्याला विचारले, यंत्र कोठे असते? तो म्हणाला, किनाऱ्यावरच, माडांच्या पुढे. पेट्रोलवर चालते. धुराचे नळकांडे समुद्राकडे आणि हवा ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड माडांकडे.

वाचकहो, आमच्या हातून भूगोलाचा एक धडा तीसेक वर्षे शिकविला गेला असेल: रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, आणि दिवस चढल्यावर समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. सकाळी मतलई वारा त्या यंत्राचा धूर समुद्राकडे घेऊन जात होता. दुपारी खारा वारा सुटला आणि तोच धूर नळीच्या तोंडाशी येऊ लागला. मुलाने हा धडा आमच्याच वर्गात पाठ केला होता. त्याचा असा अर्थ होऊ शकतो हे त्याला माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही नव्हते.

त्या दोघांना खरोखर विषबाधा झाली होती की त्यांना बोटच लागली होती, हे आता सांगता येणार नाही. त्यांचे सिलिंडर रिकामे झाले होते आणि रक्त तपासले गेले नव्हते. परंतु त्या निमित्ताने आम्ही या विषयाचा जो शोध घेतला, तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

रक्तातला घुसखोर

कोळसा, लाकूड, पेट्रोल, तेल यांपैकी काहीही जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो नाकाला झोंबत नाही की घशाला खवखवत नाही. इंजिनाच्या धुराला जो वास येतो तो धुरातील इतर घटकांचा. म्हणून धुराचा वास आला तर हवा वाईट आहे असे खुशाल समजावे. पण वास आला नाही म्हणून ती चांगली आहे असे समजू नये. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच होते.

आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन हा तांबडा पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलतो आणि शरीरभर पोहोचवितो. कार्बन मोनॉक्साइडची या पदार्थाशी जवळीक प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आहे. त्यामुळे हवेत तो अत्यल्प असला तरी हीमोग्लोबिनवर ठाण मांडून बसतो आणि प्राणवायूस जागा उरत नाही. शिवाय जो प्राणवायू रक्तात शिल्लक असतो, तोही मग पेशींना सहजासहजी सोडला जात नाही. माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि तरीही मेंदू व हृदय आतल्या आत गुदमरत असतात.

हे कोडे उलगडण्यास आरंभ केला तो क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ साली स्वतःवरच प्रयोग केले. तो मोजून मापून हा विषारी वायू हुंगी आणि आपल्याला काय होते ते टिपून ठेवी. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउन येथे कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मरण पावले. हॉल्डेनने तपास केला तेव्हा दिसले की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. लहान प्राण्यांवर या वायूचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून त्यांना खाणीत सोबत न्यावे ही सूचना त्याचीच. ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत हे काम करीत होते.

योगायोग असा की, पाणबुड्यांनी किती खोलीवरून किती सावकाश वर यावे याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके १९०८ साली याच हॉल्डेनने आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. खाणकाम्याचा आणि पाणबुड्याचा श्वास एकाच माणसाने अभ्यासला. त्याचा पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हा विख्यात जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तला, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

वोक्ल्यूजच्या झऱ्यात

स्कूबाचे आजचे साधन सिद्ध झाले ते १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये. नौदलातील अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ हे त्याचे जनक. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते, म्हणून मोटारी वायूवर चालविण्यासाठी गान्याँने एक झडप तयार केली होती. तीच सुधारून पाण्याखाली मागणीबरहुकूम हवा पुरविणारे यंत्र घडले. त्या काळी लाकूड व कोळसा धुमसवून काढलेल्या ज्या वायूवर फ्रान्समध्ये मोटारी धावत, त्याचा एक मुख्य ज्वलनशील घटक कार्बन मोनॉक्साइड हाच होता. ज्या वायूशी झडपेचे असे जुने नाते होते, तोच वायू तिच्या जनकावर तीनच वर्षांत उलटला.

दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्याँ शहराजवळ वोक्ल्यूज नावाचा प्रचंड झरा आहे. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क याचे तेथे वास्तव्य होते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विवरातून दरवर्षी पाण्याचा लोंढा उसळतो. तो का उसळतो हे पाहण्यासाठी ऑगस्ट १९४६ मध्ये कूस्तो आणि त्याचा सोबती फ्रेदेरिक द्यूमा हे दोघे एका दोरीने परस्परांस बांधून त्या विवरात उतरले. दोरीचे वरचे टोक त्यांचा मित्र मोरिस फार्ग याच्या हाती होते.

सुमारे ४६ मीटर खोलीवर दोघांचीही बुद्धी मंदावली. खाली येण्यापूर्वी ठरविलेला बेत त्यांना आठवेना. द्यूमा जवळजवळ बेशुद्ध झाला आणि श्वासाची नळी त्याच्या तोंडातून निसटू लागली. कूस्तो दोरी धरून त्याच्यासह वर चढू पाहत होता. परंतु दोरीला बसणाऱ्या हिसक्यांचा अर्थ वरच्या फार्गने ‘आणखी दोरी सोड’ असा घेतला आणि तो दोरी सोडीतच राहिला. अखेर काहीतरी विपरीत घडले आहे हे ओळखून त्याने दोरी ओढली, म्हणून दोघे वाचले. त्यांच्यामागून उतरलेल्या दुसऱ्या जोडीचीही तीच गत झाली.

खोल पाण्यात हवेतील नायट्रोजनमुळे माणसाला एक प्रकारची धुंदी येते, हे त्यांना ठाऊक होते. पण ती धुंदी वर येताच उतरते. ही उतरली नव्हती. परतल्यावर त्यांनी सिलिंडरमधील उरलेली हवा तपासून घेतली. तिच्यात दर २००० भागांत १ भाग कार्बन मोनॉक्साइड निघाला. हवा भरणारे नवे यंत्र त्यांनी चालू करून पाहिले, तो ते आपल्याच धुराचा श्वास घेत होते! हा सारा प्रसंग कूस्तोने ‘द सायलेंट वर्ल्ड’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितला आहे. ज्याने हे साधन निर्माण केले तोही या चुकीतून सुटला नाही, मग इतरांची काय कथा?

खोलीचे गणित

येथे कोणी विचारील, दोन हजारांत एक भाग म्हणजे कितीसा? जमिनीवरही तो थोडका नाही; परंतु पाण्याखाली त्याचे गणित बदलते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. पाणबुड्या ज्या दाबाखाली असतो त्याच दाबाची हवा त्याला मिळते, आणि तिच्यातील प्रत्येक घटकाचा जोर त्याच पटीने वाढतो. म्हणजे तीस मीटरवर हवेतले विष चौपट जोराने रक्तात शिरते. वोक्ल्यूजच्या खोलीवर ते साडेपाच पटींहून अधिक झाले होते.

या हिशेबामुळेच पाणबुड्यांच्या हवेचे निकष कडक असतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या निकषानुसार दहा लाख भागांत १० भागांपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड चालत नाही. युरोपीय निकष ५ भागांचा आहे. वोक्ल्यूजच्या हवेत तो ५०० भाग होता.

याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. खोलीवर विषाचा जोर वाढतो तसा प्राणवायूचाही वाढतो, आणि हीमोग्लोबिनच्या मदतीशिवाय थोडा अधिक प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच विरघळतो. त्यामुळे तळाशी असताना काही अंशी निभावून जाते. वर येऊ लागताच दाब उतरतो, तो आधार नाहीसा होतो, विष मात्र हीमोग्लोबिनला चिकटून राहते. म्हणून तळाशी ठीक दिसणारा माणूस वर येताना किंवा बोटीत चढल्यावर कोसळू शकतो. हॉल्डेनने १८९५ सालीच हे दाखविले होते: दुप्पट दाबाच्या प्राणवायूत ठेवलेला उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही तगून राहिला. हाच प्रयोग पुढे उपचाराचे मूळ ठरला.

विष शिरते कोठून?

बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबाने सुमारे २४०० लिटर हवा कोंबलेली असते. ही हवा भरणाऱ्या यंत्रास कंप्रेसर म्हणतात. विष शिरण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली आपण पाहिली: कंप्रेसरच्या स्वतःच्या इंजिनाचा, शेजारच्या बोटीचा, जनित्राचा किंवा जवळ उभ्या केलेल्या मोटारीचा धूर नळीच्या तोंडात जाणे. दुसरी वाट यंत्राच्या पोटातच असते. कंप्रेसर प्रमाणाबाहेर तापला, चुकीचे तेल घातले किंवा त्याची निगा राखली नाही, तर वंगणाचे तेल आतच अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. म्हणून विजेवर चालणारा कंप्रेसर धूर सोडीत नाही, सबब तो निर्धोक, हा समज खरा नव्हे.

यंत्राला गाळण्या असतात, हे खरे. परंतु त्यांतील सक्रिय कोळसा तेलाची वाफ व वास शोषून घेतो; कार्बन मोनॉक्साइड त्यातून तसाच निसटतो. म्हणजे वाईट गाळणी विषाची खूण पुसते आणि विष ठेवते! या वायूसाठी हॉपकॅलाइट नावाचे मँगनीज व तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण वापरावे लागते. ते त्याचे रूपांतर कार्बन डायॉक्साइडमध्ये करते. पण दमट हवेत हॉपकॅलाइट निकामी होते. म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते आणि गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते. आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

काय करावे?

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अशक्तपणा, बावचळणे आणि शेवटी शुद्ध हरपणे, ही या विषबाधेची लक्षणे. बोट लागण्याच्या लक्षणांशी त्यांचे साम्य आहे, आणि धोका आहे तो नेमका येथेच. बुडी मारून आलेल्या माणसास असे काही झाले तर ‘बोट लागली’ म्हणून विषय मिटवू नये. एकाच वेळी भरलेल्या सिलिंडरवर गेलेल्या दोघातिघांना झाले तर मुळीच नव्हे. पाण्याखालीच डोके दुखू लागले किंवा हवेला तेलकट चव लागली, तर सोबतच्या माणसाला खूण करून शांतपणे वर यावे. बाधिताला निवांत निजवावे, शुद्ध प्राणवायू द्यावा आणि विनाविलंब इस्पितळात न्यावे. साध्या हवेत रक्तातील विष निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात; शुद्ध प्राणवायूने एक ते दीड तास; आणि दाबयुक्त प्राणवायूच्या कक्षात अर्ध्या तासाच्या आत. डॉक्टरांना ‘सिलिंडरमधील हवा घेतली होती’ हे आवर्जून सांगावे, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील. तो सिलिंडर रिकामा न करता बंद करून वेगळा ठेवावा आणि त्याच्यासोबत भरलेले बाकीचे कोणालाही देऊ नयेत.

आणखी एक सावधगिरी. २०२० च्या महामारीपासून बोटाला लावून प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र घरोघरी आले आहे. या विषबाधेत ते फसवते. त्याला प्राणवायू वाहणारे हीमोग्लोबिन आणि विष वाहणारे हीमोग्लोबिन यांतील भेद कळत नाही. आकडा चांगला दिसला म्हणून माणूस चांगला आहे असे मानू नये.

आणि ज्यांना समुद्रात उतरायचेच नाही, अशा आमच्या वाचकांनीही हे पान उलटू नये. इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत बंद खोलीत पेटती ठेवलेली कोळशाची शेगडी, हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातील गॅसचा गीझर, वीज गेल्यावर घरात चालविलेले जनित्र, या सर्वांतून निघतो तो हाच वायू. त्यासाठी पाणबुड्या होण्याची गरज नाही.

बुडी मारणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न सोपे आहेत. हवा कोठे भरता? नळीचे तोंड कोठे असते? गाळणी केव्हा बदलली? कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र आहे काय? अशी हातात मावणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत आणि एका सिलिंडरची तपासणी मिनिटाभरात होते. जेथे काळजी घेतली जाते तेथे हे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. जेथे राग येतो, तेथून परत फिरावे. रंगीत मासे पुढच्या वर्षीही असतील.

आमचा विद्यार्थी त्या संध्याकाळी निघताना म्हणाला, “सर, मालकांना कसे सांगू? म्हणतील, कालचा पोर मला शिकवतो.” नोकरीचा प्रश्न होता, त्याची भीती खोटी नव्हती. आम्ही म्हणालो, “तू सांग. ऐकले नाही तर आम्ही येऊ.” आम्हांस जावे लागले नाही. पहिल्या दिवशी मालक चिडले. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रापाशी स्वतः उभे राहिले, वाऱ्याबरोबर धूर नळीकडे वळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि मग काही बोलले नाहीत. महिन्याभरात तपासणीचे यंत्र आले.

मार्चमध्ये आम्ही तिकडे गेलो होतो. हवेच्या नळीचे तोंड आता यंत्रापासून दूर, उंच बांबूवर बांधलेले होते आणि बांबूच्या टोकाला तांबड्या फडक्याची एक चिंधी फडफडत होती. आम्ही चिंधीकडे पाहतो आहोत हे पाहून तो हसला आणि म्हणाला, “सर, वारा फिरला की ही सांगते. मग नळी फिरवायची, आणि तोवर यंत्र बंद.”